मागच्या अंगणातलं बिऱ्हाड

मागच्या अंगणात एक छोटं घर बांधायचं ठरवलं, तेव्हा पहिला फोन पुण्याला दादाला केला. त्याने खर्च विचारला नाही, जागा किती तेही विचारलं नाही. "भाडेकरू घालणार आहेस त्यात?" एवढंच म्हणाला आणि गप्प झाला. त्याच्या गप्प बसण्यामागे आमच्या घरातली पन्नासएक वर्षं होती, आणि ती मला सांगावी लागत नव्हती.

शनिवार पेठेत आमचा वाडा होता. दुमजली, चौकात हौद, हौदाशेजारी पारिजातक आणि आमच्यासकट सात बिऱ्हाडं. १९४७च्या मुंबईच्या भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या आकड्याला बांधून टाकलेली. मी शाळेत होते तेव्हा माडीवरच्या दोन खोल्यांचं भाडं महिना १४ रुपये यायचं. एका पावसाळ्याआधी कौलं चाळून घ्यायची म्हटलं तरी सहाही भाडेकरूंचं वर्षाचं भाडं पुरत नसे. मग कौलं तशीच राहायची, पाणी तुळईत मुरायचं आणि तुळईला टेकू लागायचा. माडीवरच्या काकांवर बाबांनी स्मॉल कॉज कोर्टात दावा लावला होता. तो सतरा वर्षं चालला. तारखेच्या दिवशी बाबा आणि ते काका एकाच पीएमटीने कोर्टात जात आणि त्याच बसने परत येत. मला विषमज्वर झाला तेव्हा रात्रभर कपाळावर घड्या बदलणाऱ्या त्याच माडीवरच्या काकू होत्या. शेवटी २००० साली नवा कायदा लागू झाला, वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली, पण तोवर वाडाच उरला नव्हता. एका पावसाळ्यात मागची भिंत बसली आणि पुढचं सगळं बिल्डरने केलं.

"भाडेकरू शिरला की घर गेलं" हे वाक्य मी असं गाठीला बांधून अमेरिकेत आले. तीस वर्षं झाली, पण गाठ सुटली नव्हती.

आमचं घर सॅन होजेच्या कॅम्ब्रियन भागात आहे. १९५७चं, एकमजली, ज्याला इथे रँच हाउस म्हणतात तसलं. २००९ साली बाजार पडलेला असताना घेतलं, म्हणून आम्हाला जमलं. प्लॉट साडेसहा हजार चौरस फुटांचा, आणि त्यातला बराचसा मागे. आज सिलिकॉन व्हॅली म्हणतात त्या या खोऱ्यात संगणकाच्या आधी मैलोनमैल प्रून आणि जर्दाळूच्या बागा होत्या. आमच्या अंगणात त्यातलं एक म्हातारं जर्दाळूचं झाड उरलं होतं. बाकी नुसतं वाळकं गवत.

कॅलिफोर्नियात घरांचा तुटवडा जुना आहे. लोक कामाला येत राहिले, पण शहरांनी आपले नियम असे आवळून ठेवले की एका प्लॉटवर एका कुटुंबापलीकडे काही बांधायचं म्हणजे वर्षानुवर्षांची लढाई. मागच्या अंगणातल्या दुसऱ्या घराला परवानगी देणारा राज्याचा कायदा १९८२पासून होता, पण शहरं त्याला वाटा सोडत नसत. आधी पार्किंग दाखवा, मोठा प्लॉट दाखवा, शेजाऱ्यांसमोर सुनावणीला या. २०१७पासून राज्याने या वाटा एकेक करून मोकळ्या केल्या आणि १ जानेवारी २०२०ला मोठा बदल झाला. अर्ज पुरा असेल आणि नियमात बसत असेल, तर शहराने ६० दिवसांत निर्णय द्यायचा. सुनावणी नाही. मागच्या आणि बाजूच्या कुंपणापासून चार फूट सोडा, बास. सोळा फूट उंचीचं ८०० चौरस फुटांचं घर शहराला अडवता येत नाही. या घराला कायद्यात अ‍ॅक्सेसरी ड्वेलिंग युनिट म्हणतात. इथे सगळे एडीयू म्हणतात आणि म्हातारी माणसं अजून ग्रॅनी फ्लॅट.

शेजाऱ्याची ना-हरकत लागत नाही, हे ऐकून मी नगरपालिकेच्या काउंटरवर तोच प्रश्न दोनदा विचारला होता. पुण्यात वाढलेल्या माणसाला ते पटकन खरं वाटत नाही.

मनात आईसाठी बांधायचं होतं. बाबा गेल्यापासून ती एकटी होती, गुडघे गेलेले, आणि आमच्या घरात दाराच्या पायऱ्या चढल्याशिवाय शिरता येत नाही. तिला स्वतःचं दार हवं होतं. सुनेच्या घरात राहायचं नाही तसं लेकीच्याही राहायचं नाही, असं तिचं स्पष्ट मत. आई नसेल तेव्हा भाड्याने देऊ, कर्जाचा हप्ता निघेल, असा आमचा हिशेब. दादाला मी त्यातला आईचाच भाग सांगितला.

नकाशा काढणाऱ्या बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, ७४९ चौरस फूट करा. पंचांग बघून काढलेल्या मुहूर्तासारखा तो आकडा मला वाटला, पण कारण साधं होतं. ७५०च्या आत असलेल्या एडीयूवर शहराला विकास शुल्क लावता येत नाही. (शाळांचं शुल्क मात्र ५०० चौरस फुटांवर गेलात की लागतं. चौरस फुटाला चार डॉलरच्या आसपास पडलं, म्हणजे तीन हजार.) म्हणून या भागात हिंडलात तर मागच्या अंगणांतून ७४९ फुटांची घरं दिसतील. आमचंही तसंच: एक बेडरूम, एक लहान अभ्यासाची खोली, स्वयंपाकघराला लागून हॉल आणि दार रुंद असलेलं न्हाणीघर. आईच्या गुडघ्यांसाठी जमिनीलगत स्लॅब. दारात एकही पायरी नको, ही माझी एकमेव अट होती.

मार्च २०२१मध्ये परवाना हातात आला. मे महिन्यात प्लंबर आला, आणि माझी ती एकमेव अट जमिनीखाली अडकली.

हा मेक्सिकोतल्या मिचोआकानहून आलेला साठीचा माणूस. त्याने घराच्या कोपऱ्याशी खड्डा खणून जुनी ड्रेनेज लाइन उघडी केली. १९५७चा भाजक्या मातीचा पाइप, आपल्याकडे जुन्या वाड्यांना असायचा तसा. तळ अंगणापासून २७ इंच खोल. मग त्याने खुंटीला सुतळी बांधली, सुतळीच्या मध्यावर छोटी पाणसाळ अडकवली आणि सुतळी ताणत मागच्या कुंपणाकडे चालत गेला. मी त्याच्या मागून. बुडबुडा मध्यावर येईपर्यंत त्याने दुसरी खुंटी वरखाली केली, मग टेप लावला. मागचं अंगण पुढच्यापेक्षा सहा इंच खाली होतं. डोळ्यांना ते कधी दिसलं नव्हतं. अकरा वर्षं त्या अंगणात मी कपडे वाळत घातले होते.

त्याने खिशातली पेन्सिल काढली आणि लाकडाच्या तुकड्यावर मला हिशेब मांडून दाखवला. सांडपाण्याच्या पाइपाला फुटाला पाव इंच उतार पाहिजे. नव्या घरापासून जोडापर्यंत ८० फूट, म्हणजे २० इंच. २७ मधून २० गेले, सात उरले. त्यातून अंगणाचे सहा गेले. राहिला एक इंच. म्हणजे नव्या घराच्या भिंतीपाशी पाइप जमिनीखाली जेमतेम एक इंच, आणि न्हाणीघर तर नकाशात त्याहीपलीकडे, मागच्या टोकाला. तिथे पोचेपर्यंत पाइप जमिनीच्या वर आला असता.

सोपी वाट होती पंपाची. टाकीत सांडपाणी साठवायचं आणि पंपाने वर ढकलायचं. कंत्राटदाराला तेच हवं होतं, त्याचा नकाशा बदलत नव्हता. प्लंबर मात्र मान हलवत राहिला. "पंप आज ना उद्या बंद पडतो," तो म्हणाला, "उतार कधी बंद पडत नाही." त्याच्या मोडक्या इंग्रजीत आणि माझ्या उच्चारांत आमचं ते संभाषण झालं आणि मला ते पूर्ण कळलं. हौदाचं पाणी रस्त्याच्या गटाराला जावं म्हणून वाड्याच्या चौकातल्या फरश्या उतरत्या बसवलेल्या होत्या. लहानपणी आम्ही तिथे कागदी होड्या सोडायचो.

आम्ही नकाशा आरशात पाहावा तसा उलटा केला. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर पुढच्या बाजूला आलं, वीस फूट वाचले. स्लॅब दहा इंच उचलला. दारात पायरी येणार होती, ती न ठेवता रॅम्प केला. एका इंचाला एक फूट या प्रमाणात दहा इंचांना दहा फुटांचा. बदललेला नकाशा पुन्हा शहराकडे गेला आणि सात आठवडे तिथे राहिला. बेडरूमची एक खिडकी आता शेजाऱ्यांच्या अंगणाकडे तोंड करून आली, म्हणून तिची चौकट पाच फुटांवर घेतली. शेजारचे आजोबा कुंपणाशी येऊन ती उंची स्वतःच्या डोळ्यांशी मापून गेले. कायद्याने त्यांना विचारायची गरज नव्हती. पण त्यांच्या लिंबाच्या झाडावर दुपारनंतर सावली पडणार होती आणि ते पन्नास वर्षं तिथे राहत होते. मी विचारलं नसतं तर मला पारिजातकाखालून जाताना वाटायची तशी लाज वाटत राहिली असती. कोर्टाच्या तारखेच्या दिवशी माडीवरच्या काकू खाली फुलं वेचायला आल्या की आम्ही मुलं आत पळायचो.

या खोऱ्याची माती आपल्या काळ्या मातीच्या जातीची आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात फुगते. इथे तिला अडोबी म्हणतात. माझे मामा फलटणकडे शेती करायचे. काळ्या रानात घर बांधायचं तर पाया मुरमापर्यंत न्यावा, असं त्यांच्याकडून ऐकलं होतं. इथे माती तपासणाऱ्या इंजिनियरनेही तेच सांगितलं, वेगळ्या शब्दांत: पाया खोल घ्या, सळई जास्त घाला आणि काँक्रीट ओतण्याआधी माती भिजवून फुगवून घ्या. ओतल्यावर ती फुगली तर स्लॅब उचलेल. जुलैचं कडक ऊन, आणि मी रोज संध्याकाळी नळी धरून त्या चरांमध्ये पाणी सोडत उभी. माती पहिल्या दिवशी पाणी अशी प्यायली की नळीचा आवाज आणि तिचा आवाज वेगळा ऐकू येत होता. पाचव्या दिवशी भेगा मिटल्या.

इन्स्पेक्टर सळया पाहायला आली. बाई होती, तिशीची. चरात उतरली, सळईखाली काँक्रीटचे ठोकळे ठेवले आहेत का ते हाताने चाचपलं, मातीपासून तीन इंच अंतर टेपने मोजलं, एका ठिकाणी ठोकळा कमी होता तो ठेवायला लावला. तिथेच उभी राहून ठेवून घेतला आणि मग कार्डावर सही केली. त्या सहीने मला फार बरं वाटलं. आमच्या वाड्याचा पाया कधी कोणी असा हाताने पाहिला असेल का, असं मनात आलं.

काँक्रीट ऑगस्टमध्ये ओतलं. सप्टेंबरमध्ये कंत्राटदार यायचा थांबला.

ही गोष्ट मी सविस्तर सांगते, कारण माझ्यानंतर चार मराठी घरांनी एडीयूसाठी मला फोन केले आणि चौघांच्याही हातात माझ्यासारखाच करार होता. कॅलिफोर्नियात घरकामाच्या कंत्राटदाराला आगाऊ रक्कम घेता येते ती कराराच्या दहा टक्के किंवा १,००० डॉलर, यांत जी कमी असेल ती. म्हणजे अडीच लाखांच्या घरालाही हजारच. हे वाक्य करारात छापावंच लागतं, आणि माझ्याही करारात तिसऱ्या पानावर होतं. पण मे २०२१मध्ये लाकडाचा भाव आभाळाला भिडला होता, हजार बोर्ड फुटांना सोळाशे डॉलरच्या वर. कंत्राटदार म्हणाला, आत्ता लाकूड बुक करू या, पुढच्या महिन्यात आणखी चढेल. मी २५,००० डॉलरचा चेक दिला. लाकूड कधी आलंच नाही.

दुसरी चूक मोठी होती. काम सुरू झालं तेव्हा काँक्रीटवाल्याकडून रजिस्टर्ड टपालाने एक नोटीस आली होती. मी तुमच्या घराचं काम करतोय, माझे पैसे थकले तर तुमच्या घरावर माझा हक्क लागेल, अशा अर्थाची. ठरावीक छापील मजकूर वाटला, मी ती कपाटात ठेवली. पायाचा हप्ता मी कंत्राटदाराला पूर्ण दिला होता. त्याने तो काँक्रीटवाल्याला दिलाच नाही. डिसेंबरात आमच्या घरावर लीन, म्हणजे तो हक्क, नोंदवल्याचा कागद आला. काँक्रीटवाल्याची काही चूक नव्हती. त्याची सहा माणसं तीन दिवस राबली होती. आम्ही त्याचे १८,४०० डॉलर पुन्हा भरले. हप्ता देताना प्रत्येक पोटकंत्राटदाराकडून सहीचा हक्कसोड कागद घ्यायचा आणि मगच चेक फाडायचा, एवढी साधी रीत आहे. चार ओळींचा फॉर्म. लायसन्स बोर्डाकडे तक्रार केली, कंत्राटदाराच्या १५,००० डॉलरच्या बाँडवर दावा केला. त्यावर माझ्यासारखे इतरही होते. माझ्या वाट्याला ४,२०० आले.

त्या हिवाळ्यात उघडा स्लॅब अंगणात पडून होता. पावसाचं पाणी त्यावर साचायचं आणि मी खिडकीतून ते पाहायचे. रात्री झोप यायची नाही. नवरा म्हणाला, "तुला भाडेकरूची भीती होती. अजून भाडेकरू आलासुद्धा नाही." तो समजूत घालायला म्हणाला होता, पण मला तिथे काहीतरी लख्ख दिसलं. आमच्या घरात दोन पिढ्यांनी एका माणसाकडे बोट दाखवलं होतं. इथे माझं घर धोक्यात आलं ते एका न वाचलेल्या पानामुळे, एका विश्वासाने दिलेल्या चेकमुळे. मग वाड्याचं तरी काय झालं होतं? माडीवरचे काका १४ रुपये देत होते, कारण कायद्याने तेवढेच सांगितले होते. तुळई त्यांनी कुजवली नव्हती. ते आणि बाबा दोघं एकाच बसमध्ये बसलेले होते, आणि ती बस कुठे जाते हे दोघांच्याही हातात नव्हतं. हे मला बाबांना सांगायचं होतं.

नवा कंत्राटदार फेब्रुवारीत मिळाला. तो काही फार बोलत नसे आणि प्रत्येक हप्त्याला स्वतःहून हक्कसोड कागद आणत असे. सांगाडा उभा राहिला, छत झालं, छतावर सोलर बसलं, कारण तेव्हा नव्या स्वतंत्र एडीयूवर ते लागायचंच. घराचा विजेचा मेन १०० अँपिअरचा होता, तो २०० करावा लागला, आणि वीज कंपनीने तारखेसाठी सात महिने थांबवलं. ऑक्टोबर २०२२मध्ये शेवटची सही झाली. करार २,६८,००० डॉलरचा होता, घर पडलं ३,४६,००० ला.

आई नोव्हेंबरात आली. रॅम्पवरून काठी टेकत चढली, वर पोचली, मागे वळून अंगण पाहिलं आणि म्हणाली, "ओटा छान आहे गं." तिला तो ओटाच वाटला. पाच महिने ती तिथे राहिली. सकाळी उन्हात रॅम्पच्या कडेला खुर्ची टाकून गहू निवडल्यासारखी बसायची, पण निवडायला काही नसायचं. जानेवारी २०२३मध्ये पाऊस कोसळत राहिला, आठवडेच्या आठवडे. ती एकदा म्हणाली, "घर झक्क आहे. पण दिवसभरात दाराशी कोणी येत नाही. नुसते कुरियरवाले, तेही पेटी ठेवून पळतात." एप्रिलमध्ये ती परत गेली, आणि परत येणार नाही हे आम्हा दोघींनाही विमानतळावर कळलं होतं.

तिकडे कर्ज आपलं काम करत होतं. घरावर काढलेलं अडीच लाखांचं कर्ज, व्याजदर बँकांच्या प्राइम रेटपेक्षा अर्धा टक्का वर. २०२१मध्ये प्राइम ३.२५ होता, म्हणजे आमचा ३.७५. महिन्याचं नुसतं व्याज ७८१ डॉलर. मार्च २०२२पासून दर चढायला लागले आणि जुलै २०२३मध्ये प्राइम ८.५ वर गेला. आमचा ९. तेच कर्ज, त्याच विटांऐवजी लाकडाच्या चार भिंती, आणि व्याज महिना १,८७५. बदलत्या दराचं कर्ज घेताना मी तो चढता दर कागदावर मांडून पाहायला हवा होता. २,६५० भाडं धरा. त्यातून व्याज गेलं, वाढलेला मालमत्ता कर २४० आणि विम्याचे ६० गेले, की त्या दराने ४७५ उरतात. नळ, पंखा, रंग आणि एखादा रिकामा महिना त्यातच. मुद्दल तसंच उभं. करात इमारतीची झीज साडेसत्तावीस वर्षांत विभागून वजा मिळते, तिचा आधार होतो. प्रॉपोझिशन १३ या कायद्यामुळे आमच्या जुन्या घराची करासाठीची किंमत तशीच राहिली, नवी आकारणी फक्त नव्या बांधकामावर झाली, हेही खरं. पण कोणी मला यातून पैसा सुटतो का असं विचारलं तर मी हेच आकडे पुढे ठेवते. रोख पैसे हाताशी असते, किंवा व्याज बांधलेलं असतं, तर चित्र वेगळं असतं. आमच्यासारखं केलंत तर पहिली काही वर्षं तुम्ही बँकेसाठी घर बांधलेलं असतं.

भाडेकरू शोधायची वेळ आली. दादा फोनवर म्हणाला, "अकरा महिन्यांचाच करार कर." मी त्याला सांगितलं, इथे अकराला काही अर्थ नाही, बारा महिन्यांचा करतात. ओळखीतल्या एका बाईंनी सुचवलं, आपल्यातलंच कोणी बघ. इथे धर्म, वंश, मूळ देश, घरात लहान मुलं आहेत का, यांवरून कोणाला नाकारता येत नाही. सरकारी मदतीच्या व्हाउचरने भाडं देणार म्हणूनही नाही. आणि खरं सांगायचं तर वाड्यात सातही बिऱ्हाडं आपल्यातलीच होती.

अर्ज केलेल्यांपैकी एक बाई सरकारी शाळेत शिक्षिका होत्या. अठ्ठावन्न वर्षांच्या, एक मांजर. घर पाहायला आल्या तेव्हा त्यांनी आत पाऊल टाकण्याआधी जर्दाळूच्या झाडापाशी जाऊन सालीवर हात ठेवला. "ब्लेनहाइम," म्हणाल्या. त्यांचं बालपणीचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे होतं. आईवडिलांनंतर ते विकावं लागलं, भावंडांचे वाटे द्यायचे होते. पस्तीस वर्षं ज्या भागातल्या मुलांना त्या शिकवत होत्या, त्या भागात त्यांना घर परवडत नव्हतं. रोज सव्वा तासाचा प्रवास करून येत. मी त्यांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून ठेवले होते. ते पगार, आधीच्या घरमालकाचा फोन नंबर वगैरे विचारले, उत्तरं तपासली. किल्ली देताना माझा हात थरथरला, हे त्यांनी पाहिलं असावं. किल्ली घेताना त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

जून २०२३पासून त्या तिथे आहेत. रॅम्पवरून त्यांची वह्यांची ढकलगाडी सरसर आत जाते. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी मला जर्दाळू कधी उतरवायचे ते शिकवलं. ब्लेनहाइम बाहेरून हिरवट असतानाच आत पिकतो, पिवळाधमक होईपर्यंत थांबलं की पक्ष्यांचा. इतकी वर्षं मी थांबत होते.

४ फेब्रुवारी २०२४, रविवार. सकाळपासून वारा असा, की कुंपणाच्या फळ्या वाजत होत्या. दुपारी वीज गेली. आमच्या भागातच नाही, सगळ्या बे एरियात लाखो घरांची. संध्याकाळी अंधार पडायला लागला तसं माझ्या मनात एकच आलं. टॉर्च घेतली, रेनकोट चढवला आणि अंगणात गेले. नव्या लाइनचं झाकण जमिनीलगत आहे. ते उघडून आत उजेड टाकला. मागे त्या काहीतरी धूत असाव्यात. पाणी आलं, पातळ, फेसाळ, आणि न थांबता पुढच्या घराकडे वळून गेलं. पंप असता तर ही टाकी आता भरत आली असती. फुटाला पाव इंच. मी तिथे पावसात तशीच बसून राहिले.

"काही तुंबलंय का?" रॅम्पवरून त्यांचा आवाज आला.

"नाही," मी म्हणाले, "चाललंय."

त्यांची शेगडी विजेची, आमच्याकडे गॅस. काडीने पेटतो. मी त्यांना आत बोलावलं. मांजरही आलं, कपाटाखाली जाऊन बसलं. चहाचं आधण ठेवलं आणि फोन वाजला. पुण्यात सोमवारची सकाळ झाली होती.

"तुमच्याकडे वादळ म्हणतायत," दादा म्हणाला. "घर ठीक आहे ना? आणि ती तुझी भाडेकरीण?"

"माझ्या ओट्यापाशी उभी आहे," मी म्हणाले. "आलं किसतेय."